सानगडी शाखेचा इतिहास, दोन पानांत

६ जानेवारी २०२५, सोमवार

यंदा बँकेने डायऱ्या छापल्या नाहीत. कपाटात मागच्या वर्षीच्या दोन कोऱ्या उरल्या होत्या, त्यातली एक घेतली. छापलेले वार जुळत नाहीत, ते खोडून हाताने लिहिते आहे.

भंडाऱ्याहून मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. आपली झाडीपट्टी ग्रामीण बँक १ मेपासून राज्याच्या एकाच ग्रामीण बँकेत विलीन होणार, हे दिवाळीपासून ऐकत होतो. आता ते कागदावर आलं. १९८२ साली तीन शाखांनी सुरू झालेली बँक, आज एकशे सोळा शाखा. निरोपाची स्मरणिका निघणार आहे. प्रत्येक शाखाधिकाऱ्याने आपल्या शाखेचा इतिहास दोन पानांत लिहून पाठवायचा. शेवटची तारीख २० मार्च.

सानगडीत येऊन मला अडीच वर्षं झाली. शाखा १९८४ची. मागच्या खोलीतली जुनी रजिस्टरं वाळवीने खाल्लेली. कॅशियर लिलाधरला विचारलं, तो चार वर्षांपूर्वी लागलेला. म्हणाला, "मॅडम, खुशालले विचारा ना. त्याले सगळं माहीत आहे."

खुशाल म्हणजे आमचा पाणी भरणारा, झाडलोट करणारा. त्याला काय विचारायचं, असं आधी वाटलं. पण दुसरं कोणी नाही.

९ जानेवारी, गुरुवार

कामकाज आटोपल्यावर खुशालला समोर बसायला सांगितलं. तो बसला नाही, उभ्यानेच सांगत राहिला. छान सांगतो. सगळं टिपून घेतलं.

पहिले मॅनेजर केशवराव. शाखा तेव्हा राइस मिलच्या एका खोलीत होती. एक टेबल, दोन खुर्च्या, एक लोखंडी पेटी. धान काढायच्या दिवसांत मिल सुरू झाली की बोललेलं ऐकू येत नसे, कोंडा उडून वह्यांवर बसे. पावसाळ्यात तलावापलीकडच्या गावांचा रस्ता बंद होई, तरी केशवराव हप्त्यातून एक दिवस तिकडे जात.

"कसे जात?"

"डोंग्यानं जी. सायेबाले पोहता येत नव्हतं. डोंगा हालला का डोळे मिटून घेत. पेटी मांडीवर धरून बसत."

संगणक आला २०१० साली. रस्त्याचं काम चालू होतं, टेम्पो दीड किलोमीटर अलीकडेच थांबला. संगणक तिथून डोक्यावर आणला. नोटबंदीत शाखेबाहेर पहाटेपासून रांग लागे. म्हाताऱ्यांना उन्हात उभं राहावं लागू नये म्हणून त्यांच्या चपला रांगेत ठेवून त्यांना झाडाखाली बसवायची व्यवस्था केली होती. कोरोनात मॅनेजर आणि कॅशियर दोघंही आजारी पडले, साकोलीहून एक क्लार्क येई. त्याला गावातली घरं माहीत नव्हती, तरी निराधारांची पेन्शन घरोघर पोचली.

आज मसुद्याची सुरुवात केली: "शाखेचे पहिले व्यवस्थापक श्री. केशवराव यांनी भर पावसाळ्यात डोंग्यातून प्रवास करून तलावापलीकडील गावांत बँकसेवा पोहोचवली." बरं वाटतं वाचायला.

१७ जानेवारी, शुक्रवार

दिवसभर पीककर्जाच्या नूतनीकरणाची गर्दी. संध्याकाळी नेहमीच्या व्हाउचरांवर सह्या केल्या: वीज, चहा, स्टेशनरी, पाणी भरणे व झाडलोट. हे शेवटचं या तिमाहीत आनंदाबाई दिघोरे, म्हणजे खुशालच्या बायकोच्या नावाने निघतं. मागच्या तिमाहीत त्याच्या आईच्या नावाने निघत होतं. मी रुजू झाले तेव्हा आधीच्या मॅनेजरने पहिल्याच दिवशी हे समजावून सांगितलं होतं. सगळ्या शाखांत असंच चालतं.

नवऱ्याचा, अमरचा फोन होता. आमची लेक टीना दहावीच्या अभ्यासाला नीट बसत नाही म्हणत होता. तो नागपुरात तिच्यापाशी, मी इथे सोमवार ते शुक्रवार. तीन वर्षं झाली की नागपूरजवळ बदली मिळेल, बढती मिळाली तर नक्कीच. मुलाखत मार्चमध्ये आहे.

२८ जानेवारी, मंगळवार

स्मरणिकेसाठी शाखेचा फोटो काढला. मी मधे, डावीकडे लिलाधर, उजवीकडे क्लार्क. पाट्या, घड्याळ, सगळं बरोबर आलं आहे. खुशालचा हात स्थिर आहे, पहिल्याच फटक्यात चांगला फोटो काढला त्याने.

५ फेब्रुवारी, बुधवार

नव्या बँकेसाठी कर्मचाऱ्यांची यादी भरायची होती. रकाने तीन: अधिकारी, लिपिक, कायम शिपाई. आमच्या शाखेत कायम शिपाई नाही, तिथे 'निरंक' लिहिलं. खुशाल चहा ठेवायला आला होता. थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिला.

"मॅडम, माहं नाव यात कुठी येते जी?"

मी म्हणाले, विचारून सांगते. क्षेत्रीय कार्यालयात भुपेंद्र सरांना फोन लावला. ते म्हणाले, "रोजंदारीवाले आपल्या रेकॉर्डवर नाहीत मॅडम, त्यांचं लिहूच नका. एक मेपासून साफसफाई एजन्सीकडे जाणार. एजन्सीची माणसं येतील."

"मग जुन्यांचं?"

"जुने म्हणजे कोण? आपल्याकडे कोणी नाहीच ना."

खुशालला सांगितलं, अजून काही ठरलं नाही, बघू. हे खरं नव्हतं. तो "बरं जी" म्हणाला आणि कप घेऊन गेला. बावन्न वर्षांचा आहे. दुसरीकडे कोण ठेवणार याला?

८ फेब्रुवारी, शनिवार

दुसरा शनिवार. टीनाची परीक्षा जवळ आली आहे, पण नागपूरला गेले नाही. खुशालच्या घरी गेले. धिवरांची वस्ती तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी आहे, दारादारात जाळी वाळत घातलेली. मला बघून आनंदाबाईने अंगणातली खाट झटकली.

खुशालची आई बायाबाई पंचाहत्तरीपलीकडची. बँकेत यायची तेव्हा काउंटरशी बोलताना पाहिलं होतं, पण नीट बोलणं आजच झालं. म्हणाली, "बँक खुलली तवा आमच्या मोहल्ल्यातली एक बी बाई चढेना बाप्पा त्या पायरीवर. वास येते म्हनतीन, असं भेव. मी मासोळीची टोपली बाहेर ठेवली आन् चढली. केशवसायेबानं खुर्ची देली बसाले. मंग साऱ्याजनी आल्या."

खुशाल १९९१ साली लागला. बाप केवळराम मासेमारी सोसायटीत होता, डोंगा त्याचाच. पुढच्याच वर्षी तो गेला.

"तवापासून हाच नेत होता सायेबाले पलीकडे," म्हातारी म्हणाली.

मी घरी येऊन मसुदा उघडला. "डोंग्यातून प्रवास करून" हे शब्द पुन्हा वाचले. मग पुढची पानंही वाचली. संगणक डोक्यावर आणला, कोणी आणला? चपला रांगेत ठेवल्या, कोणी ठेवल्या? साकोलीच्या क्लार्कला घरं कोणी दाखवली? मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं आणि त्यानेही सांगितलं नव्हतं. सगळ्या वाक्यांना कर्ता नव्हता, जिथे होता तिथे मी साहेबांचं नाव घातलं होतं.

आज लिहिणं झालं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंतीची सुट्टी. केशवरावांचा पत्ता मिळवून कारध्याला गेले. नदीकाठी मुलाचं घर आहे, तिथे राहतात. वय त्र्याऐंशी, कानाने कमी ऐकू येतं, आठवण मात्र पक्की. शाखेचं नाव काढताच खुलले. मिलचा कोंडा, पेटी, डोंगा सगळं सांगितलं. पोहता येत नव्हतं हेही हसत सांगितलं.

मी खुशालबद्दल विचारलं.

"कायम झाला ना तो? मी बदलून गेलो तेव्हा वर शिफारस केली होती."

मी नाही म्हणाले. त्यांना ऐकू आलं नाही असं वाटून पुन्हा सांगितलं. त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

मग बोलू लागले. "वर्षात दोनशे चाळीस दिवस एकाच माणसाच्या नावावर भरले की कायद्याने त्याचा हक्क तयार होतो. वरून लेखी काहीच नव्हतं, तोंडी सांगत. भरू देऊ नका. मग मी कधी त्याचं नाव घाली, कधी त्याच्या बापाचं. बाप मेला त्यानंतरही दोन वर्षं मी केवळरामच्या नावाने व्हाउचर काढलं. पोरगा खाली बापाची सही करायचा. काही बोलायचा नाही."

"हे तुम्ही लिहून द्याल का, सर?"

त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. सून स्वयंपाकघरात होती. "पेन्शनवर जगतो मी, बाई. आता नको."

फाटकापर्यंत सोडायला आले, काठी टेकत. तिथे थांबून म्हणाले, "हुशार पोरगा होता हो. दहावी पास होता. त्याच्यापेक्षा कमी शिकलेले आपल्याकडे शिपाई झाले."

अडीच वर्षं तो माझे कागद इकडून तिकडे नेतो आहे. तो दहावी शिकलेला आहे हे मला माहीत नव्हतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दहा वर्षांपूर्वीची व्हाउचरं नियमाने नष्ट केलेली आहेत. त्यानंतरचे गठ्ठे मागच्या खोलीत आहेत. खुशालला घेऊन सोडवले. आनंदाबाई, बायाबाई, मुन्ना, पुन्हा आनंदाबाई. मुन्ना त्याचा मुलगा, चार वर्षांपासून बुटीबोरीला कंपनीत आहे. तो तिकडे असताना इथे पाणी भरल्याची व्हाउचरं आहेत. खुशाल केवळराम दिघोरे हे नाव कुठेच नाही. हजेरीपटात नाही, कीर्दीत नाही, दरवर्षीच्या तपासणी अहवालात नाही.

प्रत्येक नावाची सही वेगळ्या वळणाची.

"या कोणी केल्या?"

"मीनंच जी. आईची थरथरत करतो, म्हाताऱ्या मानसाची दिसली पायजे म्हनून. मुन्नाची झपाट्यानं. आनंदाची थोडी तिरपी. तुमच्या आधीच्या आधीच्या सायेबानं शिकवलं होतं. सारख्या दिसल्या तर तपासणीवाले पकडतीन म्हने."

मग ऑगस्ट २०२२ पासूनचा गठ्ठा आला. प्रत्येक कागदावर डावीकडे त्याची सही, उजवीकडे माझी. माझी सही ठसठशीत आहे, पूर्ण नाव लिहायची मला सवय आहे. नंदिनी कापगते. नंदिनी कापगते. महिन्याला चार, तीस महिने.

मी या सह्या करताना कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं. पण काहीही चिंतलं नव्हतं, हेच खरं.

३ मार्च, सोमवार

भुपेंद्र सर शाखेला भेट द्यायला आले. मी सगळं त्यांच्यासमोर ठेवलं. ते रागावले नाहीत. दार लोटून घेतलं आणि पाणी प्यायले.

"मी अड्याळला सात वर्षं मॅनेजर होतो," म्हणाले. "तिथेही एक होता. त्याच्या तीन भावांची नावं वापरली. शेवटी तो एक दिवस आलाच नाही कामावर. कुठे गेला, मी विचारलं नाही. तुम्हाला वाटतं मला आठवत नाही?"

"मग सर, आपण वर लिहू."

"काय लिहाल? खोटी व्हाउचरं कोणी केली? तुम्ही. खोट्या सह्या कोणी केल्या? त्याने. चौकशी लागली तर आधी तुम्ही अडकाल. मग त्याच्यावर फसवणुकीचा गुन्हा. चौदा तारखेला... नाही, त्या दिवशी धूळवड आहे. वीस तारखेला तुमची मुलाखत आहे. नव्या बँकेत स्वच्छ फाइल घेऊन जा, मॅडम. मी तुमच्या भल्याचं सांगतो."

ते माझ्या भल्याचंच सांगत होते. अमरनेही फोनवर तेच सांगितलं. "तुझ्याआधी नऊ मॅनेजर झाले. तूच कशी सापडलीस?" टीनाचा उद्या पेपर आहे, त्यामुळे जास्त बोललो नाही.

तीन दिवस मी हे प्रकरण मनात बंद करून पाहणार आहे. होतं का बघू.

११ मार्च, मंगळवार

नाही झालं.

लिलाधर जेवायला गेला तेव्हा खुशालला आत बोलावलं. भुपेंद्र सर जे म्हणाले ते काहीच न लपवता सांगितलं. त्याच्यावर गुन्हा होऊ शकतो, हेही. आज तो खुर्चीवर बसला. मी सांगितलं म्हणून नाही, आपणहून बसला.

"तुला काय पाहिजे ते सांग. मी काही केलं तर दोघांचंही नुकसान होऊ शकतं. नाही केलं तर एक मेला तू घरी."

त्याने हात गुडघ्यांवर ठेवले.

"माह्या पोरीच्या, गुंजनच्या कालेजात फारम भरला होता जी मागच्या साली. बापाचा धंदा काय, असा रकाना होता. मीनं लिहिलं, बँकेत नोकरी. तिथच्या बाबूनं दाखला मांगला. आता दाखला कोन देईन? पोरगी म्हने, बाबा, मी मजूर लिहितो. लिहिलं तिनं." थांबला. "मजूर काही वाईट नाही जी. माहा बाप डोंगा चालवे. पन मी बँकेत होतो ना. तीस-चौतीस साल झाले. होतो का नव्हतो?"

"होतास."

"मंग ते कोनी तरी लिहून देल्लं पायजे. सह्या मीनंच केल्या, ते बी लिहा. काहून केल्या ते बी लिहा. पोलीस आला तं मी सांगीन. तुमचं मात्र पाहून घ्या, मॅडम. तुमची पोरगी लहान आहे."

माझी मुलगी लहान आहे याचा विचार माझ्याआधी त्याने केला, याची मला दिवसभर लाज वाटत राहिली.

१८ मार्च, मंगळवार

काल टीनाची परीक्षा संपली. आज पाठवलं.

इतिहास दोन पानांत बसवला. केशवराव आहेत, मिल आहे, बायाबाई आहे. डोंगा कोणी चालवला ते आहे. संगणक कोणी आणला, चपला कोणी ठेवल्या, पेन्शनीची घरं कोणी दाखवली, सगळ्या वाक्यांना कर्ता आहे. त्यासोबत शाखेच्या पत्रावर वेगळा दाखला: खुशाल केवळराम दिघोरे हे १९९१ पासून आजपर्यंत या शाखेत सलग काम करीत आहेत, त्यांचा मोबदला वरिष्ठांच्या तोंडी सूचनेनुसार इतरांच्या नावे काढला गेला, ऑगस्ट २०२२ पासूनची अशी सर्व व्हाउचरे मी स्वतः मंजूर केली असून ती चूक माझी आहे. सही, शिक्का. एक प्रत मुख्य कार्यालयाला, एक नागपूरच्या कामगार आयुक्तांना खुशालच्या अर्जासोबत, एक खुशालला.

त्याने प्रत उभ्याने वाचली. मग परत पहिल्यापासून वाचली. घडी घालून खिशात ठेवताना म्हणाला, "शुद्ध लिहिलं जी."

पोस्टातून परत येताना पाय हलके वाटावेत अशी माझी अपेक्षा होती. तसं वाटलं नाही. भीती वाटली.

२१ मार्च, शुक्रवार

काल मुलाखत. पाच मिनिटांत संपली. प्रश्न विचारलेच नाहीत.

२ एप्रिल, बुधवार

कारणे दाखवा नोटीस आली. बनावट व्हाउचरे मंजूर करणे, गोपनीय माहिती बाहेर देणे, बँकेची प्रतिमा मलिन करणे. पंधरा दिवसांत उत्तर. बढतीच्या यादीत नाव नाही.

लिलाधर दिवसभर माझ्याशी कामापुरतंच बोलला. संध्याकाळी जाताना म्हणाला, "मॅडम, मले बी चौकशीत बोलावतीन काय?" त्याचं लग्न ठरलं आहे मे महिन्यात. मी म्हणाले, तुझी सही कुठेच नाही, घाबरू नको. त्याचा चेहरा सुटला. मला त्याचा राग आला नाही. मीसुद्धा अशीच सुटका शोधत होते ना महिनाभर.

अमर शनिवारी आला होता. भांडला नाही. निघताना म्हणाला, "टीनाला मी सांगितलंय सगळं. ती विचारत होती, त्या काकांचं नाव काय." एवढंच.

२५ एप्रिल, शुक्रवार

स्मरणिका आली. गुळगुळीत कागद, एकशे सोळा शाखा. सानगडीला अर्धं पान: स्थापना १९८४, प्रथम व्यवस्थापक श्री. केशवराव, पावसाळ्यात डोंग्यातून प्रवास. माझा जुना मसुदा कधीतरी भुपेंद्र सरांना नमुना म्हणून पाठवला होता, त्यातली वाक्यं. खाली आमचा फोटो.

खुशालला दाखवावी की नाही, कळेना. त्यानेच टेबलावरून उचलली. पान पाहिलं आणि पुन्हा ठेवली.

३० एप्रिल, बुधवार

बँकेचा शेवटचा दिवस. दुपारी नवी पाटी आली. जुनी उतरवताना गावातले पंधरा-वीस लोक जमले. एका म्हाताऱ्याने विचारलं, "पासबुक हेच चालते ना?" चालेल म्हटलं.

पाच वाजता मी खुशालला सांगितलं की सोमवारपासून एजन्सीचा माणूस येणार आहे, वरून तसं पत्र आहे. किल्ल्या त्याच्याकडे असत, मागच्या दाराची, संडासाची, गच्चीची. त्याने त्या एकेक करून टेबलावर ठेवल्या. मागच्या दाराचं कुलूप पावसात अडकतं, आधी थोडं वर उचलून मग किल्ली फिरवायची, हे मला दोनदा करून दाखवलं.

२४ जून, मंगळवार

जवळजवळ दोन महिने लिहिलं नाही. मला शाखाधिकारी पदावरून काढून साकोलीला बसवलं आहे, काम नाही. टीनाला ब्याऐंशी टक्के मिळाले. खुशाल तलावावर जातो. लहानपणापासून सवय सुटलेली, जाळं फेकताना खांदा दुखतो असं सांगत होता.

आज नागपूरला कामगार आयुक्तांच्या कार्यालयात सुनावणी झाली. खुशाल, आनंदाबाई आणि मी एकाच बसने गेलो. बँकेकडून नव्या मुख्यालयाचे विधी अधिकारी आणि भुपेंद्र सर.

विधी अधिकाऱ्यांनी गठ्ठे मांडले. या शाखेत खुशाल नावाची व्यक्ती कधीही कामावर नव्हती. किरकोळ कामं आनंदाबाई, बायाबाई आणि मुन्ना यांनी गरजेनुसार केली, त्यांना मोबदला मिळाला, त्यांच्या सह्या आहेत. माजी शाखाधिकाऱ्यांचा दाखला वैयक्तिक सहानुभूतीतून दिलेला आहे.

मला विचारलं. मी जे लिहिलं तेच सांगितलं. "तुमच्याकडे या दाखल्याशिवाय काही पुरावा?" माझ्याकडे नव्हता. केशवरावांना मी पुन्हा दोनदा फोन केला होता. दुसऱ्यांदा मुलाने उचलला.

सुनावणी घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "या आनंदाबाई आल्यात का?" ती बाहेर बाकावर बसली होती. आत बोलावलं. पदर सावरत टेबलाशी उभी राहिली. बाईंनी कोरा कागद आणि पेन पुढे केलं. "इथे सही करा तुमची."

आनंदाबाईने पेन घेतलं नाही. इकडेतिकडे पाहिलं, टेबलावर काहीतरी शोधल्यासारखं.

"शाई नाही काय बाई?" म्हणाली, आणि डावा अंगठा पुढे केला.

बाईंनी गठ्ठ्यातली व्हाउचरं ओढून घेतली, एकावर एक पाहत गेल्या. तिरप्या अक्षरातली नीट सही, प्रत्येकावर. भुपेंद्र सर खिडकीकडे पाहत होते.

आणि मी. आनंदाबाईचं आमच्याच शाखेत खातं आहे. ती पैसे काढायला येते तेव्हा तिचा अंगठा साक्षांकित करणारी मीच. कितीदा तिचं बोट माझ्या टेबलावरच्या शाईच्या डबीत टेकवलं असेल. त्याच आठवड्यात तिच्या नावाची सही असलेल्या कागदावर मी सही करत होते. सही पडताळणं हा माझा व्यवसाय. फेब्रुवारीत सगळे गठ्ठे समोर उघडे असतानाही हे मला दिसलं नाही.

परतीच्या बसमध्ये आनंदाबाई घाबरून विचारत होती, "मीनं काही गलत केलं काय जी?" खुशाल तिला नाही नाही म्हणत राहिला. मग भंडारा येईपर्यंत तोंड खिडकीकडे करून बसला.

९ जुलै, बुधवार

आदेश आला. प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत खुशाल केवळराम दिघोरे यांना त्याच शाखेत, त्याच कामावर, त्यांच्या स्वतःच्या नावाने ठेवावे; हजेरीपटात नोंद घ्यावी. कायम करण्याचा प्रश्न पुढे चालेल. किती वर्षं, कोणास ठाऊक. फसवणुकीच्या गुन्ह्याचं बँकेने सोडून दिलेलं दिसतं.

माझाही निकाल लागला. दोन वेतनवाढी कायमच्या बंद आणि जालना जिल्ह्यात बदली. अमरला सांगितलं. तो म्हणाला, "रेल्वे आहे ना तिकडे," आणि थोड्या वेळाने, "टीनाला मी सांभाळतो."

मी बरोबर केलं का, हे मला आजही छातीठोक सांगता येत नाही. उशिरा केलं, एवढं नक्की.

१८ जुलै, शुक्रवार

सानगडीतली भाड्याची खोली रिकामी केली. दुपारी साडेतीनची साकोलीची बस. धानाच्या रोवण्या सुरू आहेत, स्टँडवर चिटपाखरू नव्हतं. दोन बॅगा घेऊन शेडखाली थांबले होते. पाळीकडून बायाबाई येताना दिसली, एकटीच, हातात छत्री. पाऊण किलोमीटर चालत आली होती. वाळवलेल्या झिंग्यांची पुडी माझ्या हातात दिली आणि शेजारी बसली.

मी रस्त्याकडे दोनदा पाहिलं असेन. तिच्या ते लक्षात आलं.

"खुशालची वाट नको पाहू बाई," ती म्हणाली. "तो कसा येईन? ड्युटीवर हाय ना. सकाळी सही करते मस्टरवर, मंग पाच वाजेलोक सुटी नाही त्याले."

मास्तर किंवा तलाठी झालेल्या पोराबद्दल आई सांगते, तसं तिने सांगितलं. मला क्षणभर वाईट वाटलं. बँक इथून दोनशे पावलांवर आहे, पाच मिनिटं येता आलं असतं. मग तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, बरोबर आहे, ड्युटी सोडून कसं येणार.

बस आली. म्हातारीने एक बॅग उचलायला हात पुढे केला, तो मी धरला. दोन्ही बॅगा मीच वर चढवल्या.